चार बोटांचं अंतर

कंपनीत सगळे त्याला ओळंबा म्हणत. अठ्ठेचाळीस फुटी ट्रेलर उलटा घेत गोदामाच्या फलाटाला असा सरळ लावायचा की बघणाऱ्यानं बघतच राहावं. अकरा वर्षांत गाडीला ओरखडा नाही, दिलेल्या फेरीला नकार नाही. आणि याच गुणांनी त्याचा घात केला.

कंपनीत कामं दोन तऱ्हेची. लांब पल्ल्याला पगार किलोमीटरवर, आठ-आठ दिवस घराबाहेर, आणि माल चढेपर्यंत गोदामासमोर ताटकळलेले तास फुकट. गावातल्या फेरीला पगार बांधलेला, जरा कमीच, पण दिवेलागणीला माणूस घरी. ओळंब्याला गावातली फेरी हवी होती. गेल्या वर्षी त्याच्या वडिलांचं अर्धं अंग लुळं पडलं. म्हातारा देहानं भारी. बिछान्यातून खुर्चीत, खुर्चीतून बिछान्यात, त्यांना ओळंब्याची बायको एकटी उचलायची. आता तिची कंबर गेली होती. डॉक्टरनं तोंडावर सांगितलं, पुन्हा वजन उचललंत तर तुम्हालाच कुणीतरी उचलावं लागेल.

मॅनेजरनं शब्द दिला होता, जागा सुटली की तुझीच. जागा सुटली. सोमवारी सकाळी यादी लागली, तर जागा ठोक्याला.

ठोक्या! वर्षात तीन बंपर, एक फाटक आणि खुद्द मॅनेजरच्या गाडीचा आरसा फोडणारा ठोक्या!

"साहेब, हे काय?" ओळंब्यानं केबिनमध्ये शिरत विचारलं.

"अरे, त्याला लांब पाठवायची छाती आहे का माझी? गावात निदान हळू तरी चालवेल. आणि तुला काढलं तर लांबच्या फेऱ्या कोण करणार? तू आपला हुकमाचा एक्का."

"म्हणजे मीपण गाडी ठोकायला हवी होती?"

"भलतंसलतं बोलू नकोस," मॅनेजर हसला. "चहा घे आणि नीघ. माल भरून तयार आहे."

ओळंब्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहाला हात न लावता तो गाडीत चढला. फाटकाच्या अलीकडे एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी खांब. घ्या, ठोकतोच आता, तो मनाशी म्हणाला. गाडी तिरपी पुढे घेतली, खांब आरशात धरला, दात आवळले आणि मागे सोडली. खांब जवळ आला. आणखी जवळ आला. आणि हट्टी पायानं आपोआप ब्रेक दाबला.

उतरून पाहिलं तर अंतर चार बोटांचं. साधी गाडी ठोकतासुद्धा येत नाही आपल्याला! त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

"वा रे पठ्ठ्या!" जिन्यावरून मॅनेजरनं टाळ्या पिटल्या. "म्हणून तर सोडत नाही तुला!"

ओळंब्यानं मग सावकाश सभोवार पाहिलं. मागे खांब, पुढे भिंत, मधोमध गाडी आडवी. ती ज्या वळणानं शिरली त्याच वळणानं सुटणार होती, आणि ते वळण फक्त त्याच्या हातांना ठाऊक होतं. आत सहा भरलेले ट्रक बाहेर पडायची वाट बघत होते. त्यानं इंजिन बंद केलं, जिना चढला आणि किल्ली मॅनेजरच्या हातात ठेवली.

"मी लांबच्या फेरीला जात नाही. गाडी ठोक्याकडून काढून घ्या."

"अरे, तो खांब पाडेल!"

"मग त्याला बढती द्या," ओळंबा म्हणाला आणि फाटकातून चालत बाहेर पडला.

घरी पोचला तेव्हा बायको कमरेला पट्टा आवळून वडिलांच्या बिछान्यापाशी वाकत होती.

"तू सरक," तो म्हणाला. त्यानं वडिलांच्या काखेत हात घातले आणि त्यांना अलगद उचललं. खिशातला फोन वाजू लागला. थांबला. पुन्हा वाजला.

"अहो, कंपनीतून असेल. मिळाली का जागा?"

"घेतोस का, हे विचारायलाच करत असतील," तो म्हणाला. "वाजू दे. हात मोकळे नाहीत माझे."