एका चुलीवरचं कुटुंब

माझी आई कमळ भिवंडीजवळच्या कोन गावात बिशी चालवायची. बिशी म्हणजे पॉवरलूमवरच्या कामगारांची खानावळ. बाबा गेले आणि तिने चूल धरली. मी तुळजा, तिची एकुलती एक. चपात्या लाटता लाटताच दहावी पास झाले आणि ठाण्याला जाऊन नर्स व्हायचं डोक्यात घेतलं. गरीब घरच्या मुलींना तिथे वसतिगृह फुकट होतं, फक्त गरिबीचा दाखला हवा होता.

ब्याण्णव साली गरिबांची पाहणी करायला एक साहेब आले. त्यांचा नियम असा, की एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब.

"बाई, तुमच्या चुलीवर किती जण जेवतात?"

आई म्हणजे ना! जेवणाऱ्यांचा विषय निघाला की तिची छाती फुगायची. "तीस-चाळीस तरी हायत. समदी माझीच पोरं!"

"कमावतात?"

"मंग! रिकामा एक बी न्हाय."

झालं. एवढी पोरं एका बाईला झाली कशी, हे त्या शिकलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. गरिबांच्या यादीतून आमचं नाव कटाप, म्हणजे दाखलाही गेला.

मी थयथयाट केला. भिवंडीच्या कचेरीत जाऊन भांडले, तेव्हा कुठे फेरतपासणी करू म्हणाले. आईने ते बिशीत वाढता वाढता सगळ्यांना सांगून टाकलं. "साहेब इचारतील, कमळबाई गरीब हाय का. नीट बोला रं बाबांनो." यांना कशाला मध्ये घालतेस, म्हणून मी ओरडले. पण ऐकतंय कोण!

तपासणीच्या सकाळी बघते तर काय, रात्रपाळीवरून सुटलेले सगळे आंघोळ करून, धुतलेले शर्ट घालून दारात हजर. पुढे रामदुलारचाचा, सगळ्यांत वयस्कर.

"ये बाई गरीब है क्या?" साहेबांनी विचारलं.

चाचाने हात जोडले. "अम्मा को गरीब कैसे बोलें, साहब? हम सब बेटे किसलिए हैं? हमारे रहते इनको कोई कमी नहीं."

मागचे सगळे माना डोलावत होते. आईने पदर डोळ्यांना लावला. दुःखाने नाही हो, बया खूश झाली होती! साहेब म्हणाले, "मग दाखला कसा देऊ?" आणि पिशवी उचलून निघून गेले.

वसतिगृहाच्या जागा त्याच आठवड्यात भरल्या. माझं शिक्षण तिथेच संपलं. अजून ठाण्याला गेले आणि पांढऱ्या साडीतली नर्स दिसली की ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहते. कुणाच्या नावाने बोटं मोडू? माझं वाईट कुणीच चिंतलं नव्हतं.

त्या सकाळी साहेब गेल्यावर चाचा हसत माझ्याकडे आला. जागरणाने डोळे लाल झालेले, आमच्यासाठी झोपला नव्हता.

"ठीक बोला ना, बिटिया? अम्मा की इज्जत रख ली."

ओठांवर शिवी आली होती.

"ठीक बोला, चाचा," मी म्हणाले आणि त्याला ताट वाढलं.