हद्दीखालचा कोळसा

एकवीरेच्या जत्रेला अख्खी वाडी कार्ल्याच्या वाटेला लागली आणि बायडाबाई तेवढी मागं राहिली, तेव्हाच कुणाच्या तरी मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण नाही चुकचुकली. "भट्टी लावलीय. आता सोडून गेले तर समद्याची राख व्हईल," असं ती ज्याला त्याला सांगत होती, आणि जन्मभर कोळसा पाडणाऱ्या बाईनं असं म्हटल्यावर शंका घ्यायची कुणी? सून रतन तेवढी जाता जाता म्हणाली, "आत्या, भट्टी तर परवाच उकलली की आपण!"

"मंग तू कशाला बोंबलतीस? चाल, नारळ इसरू नको," बायडाबाई म्हणाली आणि सुनेला अंगणाबाहेर काढलं.

भानगड होती हद्दीच्या दगडाची. वडिवळे गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठी, बायडाबाईचं भाताचं एकुलतं एक खाचर आणि त्याला लागून हौशीरामाची चार. मध्ये एक दगड. आता दगडाला पाय नसतात हे शेंबडं पोरही सांगेल, पण हा दगड चालायचा. दर पावसाळ्यात बांध फुटायचा, हौशीराम मोठ्या मायेनं तो पुन्हा घालायचा, आणि दगड बायडाबाईच्या अंगाला सरकलेला असायचा. नवरा कान्हू असता तर कुऱ्हाड घेऊन उभा राहिला असता. तो जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि तेवढ्या वर्षांत दगड पाच हात आत आला होता.

पाच हात म्हणजे फार नव्हे, असं ज्याची चार खाचरं आहेत त्यानं म्हणावं. बायडाबाईच्या त्या पाच हातांत तिची राबाची जागा होती. मावळात भात लावायचं तर आधी राब भाजावा लागतो. पालापाचोळा, शेण, झाडाच्या बारीक फांद्या पसरून पेटवायच्या, आणि त्या भाजलेल्या जमिनीत बी टाकायचं, तेव्हा कुठं लावणीला जोमदार रोप मिळतं. ती जागा गेली तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षाचं भात नाही. दारोदार रोपाच्या जुड्या मागत फिरायची पाळी. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला वाटायचं, आणि ती ते बोलूनही दाखवायची.

म्हणून तिनं चार खेटे घालून मोजणीचा अर्ज दिला होता, आणि सोमवारी मोजणीदार येणार होता. तिची सगळी भिस्त कोळशावर. गोऱ्या साहेबाच्या काळात पहिली मोजणी झाली तेव्हा हद्दीचा दगड रोवायच्या आधी खड्ड्यात पाटीभर कोळसा पुरला होता. दगड कुणीही हलवील, खुंटी वाळवी खाईल; पण कोळशाला वाळवी तोंड लावत नाही. इथला कोळसा तर तिच्या आजेसासऱ्यानंच पाडून दिलेला. लग्न होऊन ती वाडीत आली, तेव्हा सासूनं देवघराच्या आधी तो दगड दाखवला होता.

वाडी रिकामी झाल्यावर भर दुपारी ती पहार घेऊन गेली. ऐनवेळी फजिती नको, आधी आपण बघून ठेवावं म्हणून, कान्हूच्या वेळी दगड जिथं होता तिथं तिनं खणलं. माती लागली भुसभुशीत. हातभर खाली गेली, दोन हात गेली. कोळशाचा कणही नाही.

"मेल्यानं काढून नेला!" ती मोठ्यानं म्हणाली. मग तिच्या मनात दुसरं आलं आणि ते पहिल्याहून वाईट होतं. कुजला तर नसेल? साठ-सत्तर वर्षं झाली. साठ-सत्तर वर्षांत काय राहतं?

ती घटकाभर खड्ड्याच्या काठावर बसली. मग उठली, घरी गेली, ऐनाच्या लाकडाच्या कोळशाची पाटी भरून आणली आणि खड्ड्यात ओतून वरून माती लोटली, पायानं चेपली, पाचोळा पसरला. यात खोटं काय होतं? कोळसा इथं होताच. होता तो परत ठेवला, एवढंच. असं मनाशी म्हणताना तिनं एकवीरेच्या डोंगराकडं मात्र पाठ केली होती.

त्या दिवशी हौशीरामही जत्रेला गेला नव्हता. सकाळी त्याच्या पोटात दुखत होतं म्हणे. हे तिला कळलं सोमवारी.

सोमवारी मोजणीदार सीताराम आला. पुण्याकडचा, उन्हानं रापलेला, अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या भांडणात साखळी ओढण्यात गेलेला माणूस. त्यानं जुनं टिपण उलगडलं. शेजारचे दोन दगड ओढ्यानं नेलेले, त्यामुळं साखळी धरायची कुठून हाच प्रश्न होता.

"दगडाखाली कोळसा असल्याची नोंद आहे," तो म्हणाला. "उकरा."

"उकरा की! होऊ द्या दूध का दूध," हौशीराम म्हणाला, आणि इतक्या आनंदानं म्हणाला की बायडाबाई चार पावलं पुढं सरकली. दगड बाजूला केला. खाली कोळसा! चांगला पाटीभर, काळा कुळकुळीत.

"बघा साहेब. दगड हितंच हुता, आजबी हितंच हाय," हौशीराम म्हणाला.

बायडाबाईनं एक तुकडा उचलला, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोयत्याचा तिचाच तिरका घाव, एका दमात तोडलेला ऐन. हा कोळसा तिच्या भट्टीतला होता! हौशीरामानं मोठी अक्कल चालवून लोणावळ्याच्या वखारीतून आणला होता; वखारीला कोळसा कोण घालतं हे विचारायचं तेवढं विसरला होता.

"साहेब, ह्यो कालचा कोळसा हाय! खरा कोळसा तितं हाय, पाच हात पल्याड. खणा!"

तिथं खणलं. तिथंही कोळसा! हौशीरामाचा जबडा खाली आला. "हे कसं? तितं तर काय बी न्हवतं..." एवढं बोलून त्यानं जीभ चावली.

 सीतारामानं बादलीभर पाणी मागवलं. हौशीरामाच्या खड्ड्यातला तुकडा टाकला. तरंगला. बायडाबाईच्या खड्ड्यातला टाकला. तोही तरंगला, आणि दोघं जुळ्या भावांसारखे एकमेकांना चिकटून गोल फिरू लागले.

"वीस वर्षं मी हद्दी उकरतोय," सीताराम म्हणाला. "भातखाचरात मुरलेल्या जुन्या कोळशाच्या भोकाभोकांत माती भरते. तो पाण्यात टाकला की तळाला जातो. हे दोन्ही गेल्या आठवड्यातले आहेत. मावशी, हा तुम्ही पुरला?"

वाडीची वीस माणसं बांधावर उभी होती. सून रतन तोंडाला पदर लावून उभी होती. बायडाबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "व्हय. म्यानंच," ती म्हणाली.

"आणि हा तुम्ही?"

हौशीराम आभाळाकडं बघत म्हणाला, "जुना कुजला, साहेब. आता खरंच सांगतो. ती म्हणती तितं जत्रंच्या सकाळी म्याबी खणून बघितलं. एक कण न्हाई. माती झाली त्येची."

सीतारामानं टिपण गुंडाळलं. "दोघंही लबाड. पुरावा नाही, असं लिहितो. दगड आहे तिथंच राहील."

म्हणजे संपलं. राबाची जागा गेली. बायडाबाईच्या डोळ्यात पाणी आलं, पण त्याआधी राग आला, आणि तो दगडाच्या चोरीचा नव्हता.

"कुजला?" ती हौशीरामावर कडाडली. "आरं, पाला कुजतो, शेण कुजतं, तू-मी कुजतो! किडं खात्यात, समदं हवा हून वर जातं, झाडं तीच हवा वढून परत पाला करत्यात. सारखी जत्रा चाललीय ती. कोळसा न्हाई जात त्या जत्रंला! गेलाच तर लय सावकाश जातो. मुळ्या शिरून फुटंल, गांडुळं चुरा खाली न्हेतील, पर समदाच्या समदा साठ वर्सांत जाईल व्हय? माझ्या आजेसासूनं भाजलेल्या राबाचा चुरा अजून नखात..."

आणि ती थांबली. तोंड उघडंच राहिलं. हौशीरामानं खणलं तेव्हा तिथं काही नव्हतं. म्हणजे त्यानं काढून नेला नव्हता. तिनं खणलं तेव्हाही नव्हतं. आणि कोळसा कुजत तर नाही.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "मंग दगड तितं पयल्यापासनं नव्हताच. म्या लगीन हून यायच्या आदीच सरकलाय. ह्याच्या बापानं सरकवलाय! अजून पल्याड खणा."

"पल्याड माझा राब हाय! परवाच भाजलाय!" हौशीराम ओरडला. त्याच्या ओरडण्यातच काहीतरी होतं. सीतारामानं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि पहार धरलेल्या गड्याला खूण केली.

तीन हात पलीकडं गेले, काही नाही. पाच हात गेले. सातव्या हाताला, गुडघाभर खाली, पहारेला मऊ लागलं आणि पिवळ्या मातीत काळा डाग उमटला. ढीग नव्हताच तो. चुरा झालेला, उताराच्या बाजूला पसरलेला, आणि मध्ये मुठीएवढे सात-आठ तुकडे. त्यांच्या आरपार केसासारख्या मुळ्या गेलेल्या. सीतारामानं एक तुकडा अलगद पाण्यात सोडला. तो जरासा डुचमळला आणि सरळ तळाला जाऊन बसला. वर ते दोन जुळे फिरतच होते.

बांधावर एकच हशा झाला. बायडाबाई हसली नाही. तिनं तळाचा तुकडा बाहेर काढून ओंजळीत धरला. उभी हयात कोळशात गेली, अन् आजेसासऱ्याच्या कोळशावर आपण भरवसा ठेवला नाही, याची तिला मनापासून लाज वाटली. "चुकलं माजं," ती म्हणाली, आणि तुकडा होता तिथं परत ठेवला. सीतारामानं वर दगड रोवला. मागितले होते पाच हात, मिळाले बारा.

माणसं पांगली तरी हौशीराम तिथंच घुटमळत होता. त्याचा नवा भाजलेला राब आता सगळाच्या सगळा बायडाबाईच्या हद्दीत आला होता.

"बायडाबाई," तो शेवटी म्हणाला, "झालं गेलं गंगेला मिळालं. पर औंदा म्या बी कुटं टाकू? आता दुसरा राब भाजायला पाला न्हाई का शेण न्हाई."

बायडाबाईनं त्याला आधी पुरतं ओशाळू दिलं. मग म्हणाली, "टाका की हितंच. औंदाचं साल टाका. आखाडात रोप उपटून न्या, एक काडी मला नको."

"देव तुमचं..."

"पर भाऊ, बापानं तुमच्या आन् तुमी मिळून हितं चाळीस वर्सं राब भाजला. बघा तरी कसली काळीभोर माती केलीय माझी! त्यो कोळसा तेवढा तुमाला उपटून न्हेता यायचा न्हाई."

हौशीरामानं चिमूटभर माती उचलून बोटांत चोळली, आणि बायडाबाईनं आपल्या पाच हातांत राब भाजायला सुनेला हाक मारून पाल्याचं टोपलं आणायला पाठवलं.