अर्जुनाचे अकराशे फेरे

मी वडूजजवळच्या एका तालमीतला मुद्गल बोलतोय, पैलवानांनी खांद्याभोवती फिरवायचा लाकडी सोटा. सुतारानं मला बाभळीच्या बुंध्यातून तासलं तेव्हा माझं वजन वीस किलो होतं. इतकी वर्षं तेल पिऊन आता थोडा सुटलोही असेन.

माणसं मी हातावरून ओळखतो. कुणी मला एकदा उचलतो आणि आठवडाभर गावात सांगत फिरतो. अर्जुना त्यातला नव्हता. रंगुबाईचा हा एकुलता एक लेक. साल त्र्याहत्तर, साताऱ्याची फौजेची भरती तीन महिन्यांवर आलेली. त्यानं तालमीतल्या मारुतीपुढं नेम धरला, की भरतीपर्यंत रोज मला शंभर वेळा फिरवायचं, खाडा करायचा नाही.

दोन महिने नेम चालला. मग गावात तापाची साथ आली आणि घरोघरी माणसं गोधडीखाली गेली. अर्जुनाही पडला. दहा दिवस त्याचा हात मला लागला नाही.

अकराव्या पहाटे तो एकटाच आला. ताप उतरला होता, पण गालफडं बसली होती. मारुतीला हात जोडून म्हणाला, “ऱ्हायलेलं धा दिवस आन आजचं, समदं मिळून अकराशे. आज पुरं करतो.”

मला ओरडावंसं वाटलं, पण लाकडाला तोंड कुठलं! विसाव्या फेऱ्याला त्याच्या तळव्याला गार घाम सुटला. मनगटातली धडधड मला मुठीत जाणवायला लागली. चाळिसाव्याला मी त्याच्या हातून सुटलो, आणि तो छाती धरून मातीत बसला. मी फार घाबरलो.

तेवढ्यात वस्ताद केरबा आले. त्यांनी बैलगाडी जुंपून त्याला डॉक्टरांकडं नेलं. चार दिवसांनी दोघं तालमीच्या पायरीवर बसले तेव्हा मला सगळं कळलं.

“काळजाला काय झाल्यालं न्हाई, नशीब,” केरबा म्हणाले. “पर ताप गेला म्हंजी आजार गेला असं न्हाई, म्हनले डॉक्टर. पंधरा दिवस निस्ता आराम. मग चालायचं. त्ये सोसलं तर म्होरलं. छातीत दुखलं, धडधडलं, का तिथंच थांबून दवाखाना गाठायचा.”

“म्हंजी भरती गेली,” अर्जुना म्हणाला. “आन मारुतीपुढं खोटा पडलो ते येगळंच.”

“खोटा कशानं? तू पडलास तवापास्नं रोज शंभर मी फिरवलंय. सांगाय आलो, तर तुझी आय साथीच्या भ्यानं दारात उभं करंना.”

खरं होतं ते. साठीचे केरबा, शंभरात पाच वेळा खाली बसायचे, पण आकडा सोडायचे नाहीत. अर्जुना मान खाली घालून रडला. “भरती फुडल्या साली बी हाय,” केरबा म्हणाले. “तू ऱ्हायला पायजेस, गड्या.”

पंधरवडा संपला. आधी ओढ्यापर्यंत चालणं, मग मळ्यापर्यंत. केरबा बरोबर चालत आणि त्याला बोलतं ठेवत. बोलताना शब्द तुटला की दोघं माघारी.

सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी पुन्हा तपासून होकार दिला, तेव्हा माझी पाळी आली. “धाच,” केरबा म्हणाले, “आन मोठ्यानं मोज.” बाया तालमीत येत नाहीत, म्हणून रंगुबाई बाहेर भिंतीला कान लावून उभी होती. एक, दोन, तीन... मनगटातली नाडी बैलाच्या चालीसारखी संथ होती. दहाचा आकडाही त्यानं खणखणीत म्हटला. इतकं हलकं मला जन्मात वाटलं नव्हतं.

पुढच्या भरतीत तो फौजेत गेला. मी इथंच कोपऱ्यात आहे. आजारातून उठलेल्यांना माझं एकच सांगणं आहे, की माझ्यापाशी येण्याची घाई करू नका. मी लाकूड आहे, वर्षभर वाट बघेन. त्या दिवशी भिंतीबाहेर उभी असलेली बाई मात्र एकेक आकडा ऐकेपर्यंत श्वास धरून होती. दहा झाल्यावर तिचा आवाज आला, “आवं वस्ताद, पुरं करा आता. भाकरी निवाय लागलीया त्येची.”