शंका असेल तर ‘एन’

हरिदासकाकांवर बालंट आलं ते एका डब्यामुळे, आणि त्या डब्याचा मेंदू धम्मप्रियाने बनवला होता.

डबा म्हणजे फार काही नव्हे. जेवणाच्या डब्यापेक्षा थोडा थोराड, राखाडी रंगाचा, पुढे चार दिवे आणि एक छोटा पडदा. होटगी रस्त्याला लागून अकरा गल्ल्यांची एक सोसायटी आहे. तिची स्वतःची बोअर, स्वतःची टाकी आणि एक दिवसाआड गल्लीवार पाणी. बावीस वर्षं ते पाणी हरिदासकाका सोडत आले होते. खांद्यावर लांब लोखंडी चावी घ्यायची, जमिनीतल्या व्हॉल्व्हवर बसवायची आणि फिरवायची. सोसायटीतली निम्मी माणसं त्यांचं नावच विसरली होती, सगळे ‘चावीवाले’ म्हणायचे. फेब्रुवारीत व्हॉल्व्हना मोटारी बसल्या, टाकीखालच्या खोलीत डबा बसला, आणि चावीवाल्यांकडे उरलं ते नुसतं लक्ष ठेवणं.

हा डबा बनवणारी कंपनी म्हणजे रंगाच्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्या आणि सहा माणसं. मालक मृत्युंजय सर. धम्मप्रिया त्यांची सॉफ्टवेअरवाली, एकुलती एक. वय सत्तावीस, घरात इंजिनिअर झालेली पहिली, त्यामुळे तिच्या नोकरीचं कौतुक तिच्या गल्लीत तिच्यापेक्षा इतरांनाच जास्त होतं.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी सोसायटीचे चेअरमन ईश्वरप्पा घाम पुसत माडी चढून आले. हातात डब्याच्या नोंदींचे छापील कागद होते आणि मोबाइलमध्ये टाकीखालच्या कॅमेऱ्याचं चित्रण.

“तीन महिन्यांत नऊ डाव डबा बंद पडलाय,” ते म्हणाले. “आन् नऊच्या नऊ डाव पिनवर हात कुणाचा? बगा तुमीच.”

हात हरिदासकाकांचा होता, त्यात शंकाच नव्हती. म्हातारा खोलीत येतो, डब्याकडे बघतो, भिंतीतली विजेची पिन उपसतो, थोडं थांबून परत घालतो. नऊही वेळा तेच.

“डबा नीट चालला तर आपली नोकरी जाईल, म्हनून खोडा घालतोय की हो! बावीस वर्सं ज्याला घरातला मानला, त्यानं आसं करावं?” ईश्वरप्पांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. “नोटीस दिलीया. रविवारी सकाळी दहाला मीटिंग हाय. काढून टाकनार.”

मृत्युंजय सरांच्या चेहऱ्यावर मात्र उन्हातून सावलीत आल्यासारखं झालं. आणखी दोन सोसायट्यांसाठी चाळीस डबे तयार होऊन कोपऱ्यात रचलेले होते. दोष माणसाचा निघाला म्हणजे डबा शुद्ध.

ईश्वरप्पा गेल्यावर धम्मप्रियाने ते कागद ओढून घेतले. डबा दर दहा सेकंदांनी एक नोंद करतो, हे तिला माहीत होतं कारण ती नोंद तिनेच करायला लावली होती. पहिल्या वेळेची नोंद आणि कॅमेऱ्यातली वेळ तिने शेजारी ठेवून बघितली. मग दुसरी, मग तिसरी. नऊही वेळा पिन निघण्याआधी दोन-तीन मिनिटं डब्याने एकही नोंद केली नव्हती.

“सर, हा डबा आधीच गेला होता,” ती म्हणाली. “काकांनी पिन काढली ती नंतर. मेलेल्याला कोण मारेल?”

सरांनी कोपऱ्यातल्या चाळीस डब्यांकडे बघितलं. माणूस वाईट नव्हता, पण सहा घरांच्या चुली त्याच्या जिवावर पेटत होत्या. “प्रिया, झाकली मूठ सव्वा लाखाची,” ते म्हणाले. “नुसत्या शंकेवर मीटिंगला जायचं नाही. रविवारपर्यंत पुरावा मिळाला तर आण. नाही मिळाला तर मी काही बोलणार नाही, आणि तूही बोलायचं नाहीस.”

म्हणजे रविवारी दहापर्यंत तिला काही सापडलं नाही, तर एका साठीला आलेल्या माणसाला चोर ठरवून घरी बसवणार होते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती हीच.

अडचण अशी की डबा बंद पडताना काय झालं, हे सांगायला डब्याला तोंडच नव्हतं. आणि ते तोंड धम्मप्रियानेच शिवून टाकलं होतं. यंत्राच्या तळाशी जी मूळ प्रणाली चालते, जिच्या खांद्यावर बाकी सगळं उभं असतं, तिला कर्नेल म्हणतात. ते बांधताना समोर एक लांबलचक यादी येते, शेकडो पर्यायांची. प्रत्येकापुढे हो किंवा नाही म्हणायचं, ‘वाय’ किंवा ‘एन’. त्यातला एक अख्खा कप्पा चुका शोधण्याच्या पर्यायांचा असतो. एखादं काम दोन मिनिटं अडकून पडलं तर बोंब मारणारा पर्याय, भलत्या जागी डुलकी घेणाऱ्या कामाला पकडणारा पर्याय, दोन कामांनी एकाच वेळी एकाच गोष्टीला हात घालू नये म्हणून प्रोग्रॅममध्ये जी कुलपं असतात, त्या कुलपांवर नजर ठेवणारा पर्याय. त्यातल्या बहुतेकांखाली मदतीचा मजकूर असतो, आणि त्याची शेवटची ओळ ठरलेली असते: शंका असेल तर ‘एन’ म्हणा.

जानेवारीत धम्मप्रियाला सगळ्यातच शंका होती. तिने पहिल्यांदाच एकटीने कर्नेल बांधायला घेतलं होतं, सरांना डबा आठ सेकंदांत सुरू व्हायला हवा होता, आणि पाठीशी विचारायला कुणी नव्हतं. एन, एन, एन करत ती खाली उतरत गेली आणि कप्पा कुलूपबंद करून मोकळी झाली. डबा सात सेकंदांत सुरू झाला. सरांनी सगळ्यांना लस्सी पाजली होती.

मार्चमध्ये एकदा हरिदासकाकांचा फोन आला होता, डबा गप्प झालाय म्हणून. सरांनी फोन टेबलावर ठेवून तिला तिथल्या तिथे सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं. त्यानंतर पुन्हा फोन आला नाही. गेलं बुवा दुखणं, असं समजून तीही निवांत झाली होती.

शुक्रवारी तिने पहिले दोन पर्याय चालू केले, कर्नेल नव्याने बांधलं आणि टेबलावरच्या डब्याला खोट्या अकरा गल्ल्या जोडून दिवसभर पाणी सोडलं. काही म्हणजे काही झालं नाही. डबा शहाण्या बाळासारखा चालला. चौकात पोलीस उभा असला की सगळेच हेल्मेट घालतात, तसं असतं हे. पहारा बसवला की यंत्राची चाल थोडी बदलते आणि नेमकी तीच चूक लपून बसते. संध्याकाळी सर काही न विचारता निघून गेले, आणि ते न विचारणं तिला जास्त लागलं.

शनिवारी दुपारी पंखा गरम हवा ढकलत असताना ती पुन्हा त्या यादीसमोर बसली. कुलपांवर नजर ठेवणारा पर्याय राहिला होता. त्याने यंत्र फार मंदावतं, म्हणून तिने तो टाळला होता. आता तिने तिथे ‘वाय’ म्हटलं. कर्नेल बांधून व्हायला तास गेला. डबा सुरू झाला तो रडतखडत, तीस सेकंदांनी. आणि चौथ्या मिनिटाला, सहाव्या गल्लीचं पाणी बंद करून सातवीचं सोडताना, पडदाभर मजकूर धावला.

डबा अडकला नव्हता. या पहारेकऱ्याला अडकेपर्यंत थांबायची गरजच नसते. कोण कोणतं कुलूप आधी घेतं हे तो ध्यानात ठेवतो, आणि कुणी उलट्या क्रमाने घेतलं की आताच ओरडतो, बाबांनो, एक दिवस तुमचं अडणार आहे. मजकुरात दोन फंक्शनांची नावं होती. दोन्ही धम्मप्रियाने ठेवलेली.

तिच्या तेव्हाच लक्षात आलं. फेब्रुवारीत डबा बसवताना तिने हरिदासकाकांना विचारलं होतं, पाणी कसं सोडता? आणि काकांनी चावी टेकवून शिकवलं होतं, “ताई, सोडताना आदी गल्ली उघडायची, मंग टाकी. वाट मोकळी नसताना पानी सोडलं तर पाइप फुटतोय. बंद करताना उलटं. आदी टाकी, मंग गल्ली.” तिने ते वहीत लिहून घेतलं आणि शब्दशः कर्नेलमध्ये बसणाऱ्या आपल्या प्रोग्रॅममध्ये उतरवलं. मोटारींचा क्रम तर तसा ठेवलाच, पण प्रोग्रॅममधली दोन कुलपंही, एक टाकीचं आणि एक गल्ल्यांचं, त्याच क्रमाने घेतली. पाण्याला उलटसुलट क्रम लागतो. कुलपांना तो चालत नाही, ती कायम एकाच क्रमाने घ्यावी लागतात. सहावी गल्ली बंद करणारं काम टाकीचं कुलूप धरून गल्लीच्या कुलपाची वाट बघायचं, त्याच क्षणी सातवी उघडणारं काम गल्लीचं कुलूप धरून टाकीच्या कुलपाची. एका जावेच्या कनवटीला खोलीची किल्ली, दुसरीच्या कनवटीला कपाटाची, आणि दोघी एकमेकींपुढे हात पसरून बसलेल्या. दोघी नेमक्या एकाच क्षणी आल्या तरच हे व्हायचं, म्हणून तीन महिन्यांत नऊदाच झालं.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. ती करून तिने खुर्चीला पाठ टेकली आणि तिला रडू फुटलं. काका सुटणार याचा आनंद होता, पण त्यांना सोडवणारा कागद तिलाच अडकवणारा होता. गुपचूप नवं कर्नेल टाकून गप्प बसली असती तर डबा पुन्हा कधी अडकला नसता आणि कुणाला काही कळलंही नसतं. हा विचार तिच्या मनात आला, चांगला पाच मिनिटं राहिला, आणि त्या पाच मिनिटांची तिला पुढे फार लाज वाटली.

तिने सरांना फोन केला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. “सकाळी मी येतो बरोबर,” एवढंच म्हणाले.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. हरिदासकाका आत आले नव्हते, दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, धुतलेला सदरा घालून. पायऱ्या चढताना सर हळूच म्हणाले, “चूक सांग, पण ‘आमची’ म्हण. ‘माझी’ म्हणू नकोस.” सरांकडून तिने याची अपेक्षा केली नव्हती.

पण उभी राहिली तेव्हा तोंडातून आपसूक ‘माझी’ निघालं. नऊ वेळा डबा आधी अडकला, काकांनी पिन नंतर काढली, अडकला तो माझ्या चुकीमुळे, हे तिने कागद दाखवत सांगितलं. कर्नेलमध्ये पहारा बसवला तेव्हा कळलं, असं ती म्हणाली तेव्हा मागून एक आजोबा गरजले, “ह्यात मिल्ट्रीचा कर्नल कुटनं आला?” आणि हॉलभर हसू पसरलं. मृत्युंजय सर उठून म्हणाले, चाळीस डबे तयार आहेत, ते दुरुस्त होईपर्यंत एकही बाहेर जाणार नाही. हसू थांबलं.

सातव्या गल्लीच्या मथुराबाई बसल्या जागेवरून बोलल्या, “डबा नऊ डाव आडकला म्हंता. आमचं पानी एकदाबी चुकलं न्हाय. मंग ते सोडलं कुनी?”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. 

ईश्वरप्पांनी नोटिशीचा कागद घडी करून खिशात घातला. त्यांचा आवाज चढला होता, पण राग आता स्वतःवरचा होता. “हरिदास, आरं मंग बोलला का न्हाईस? इतकं दिस?”

“पयल्या डावाला फोन केलता की, अन्ना,” हरिदासकाका म्हणाले. “ह्यांच्या हापिसात. त्यो चालूच ऱ्हायला, आन् सायब ह्या पोरीला काय काय बोलले ते समदं ऐकू आलं. मंग म्हटलं, पिन काढून घातली की चालतंय, न्हाय चाललं तर चावी हायच. कशापायी कुनाच्या लेकीला बोलनी?”

सरांनी मान खाली घातली.

“आरं पन नोटीस दिल्यावर तरी सांगायचं!”

“नोटिशीत इच्यारलं न्हवतं, अन्ना. सांगितलं हुतं.” काकांचा आवाज जराही वाढला नाही. “तुमी कॅमेऱ्याला इच्यारलं. सायबांनी कागदाला इच्यारलं. ह्या ताईनं तीन दिस डब्याला इच्यारलं. मला इच्यारलं कुनी?”

धम्मप्रियाचे कान तापले. गुरुवारपासून ती या माणसासाठीच राबत होती, आणि त्याचं घर टाकीपासून पाच मिनिटांवर होतं. तिने डब्याचं तोंड उघडायला तीन दिवस घातले, दोनदा कर्नेल बांधलं, पण चालत जाऊन काकांच्या दाराची कडी वाजवावी हे तिला एकदाही सुचलं नाही. या माणसालाही तोंड नाही, असं तिने केव्हाच गृहीत धरलं होतं, न विचारताच.

ती उठली, आपली खुर्ची उचलून दारापाशी नेऊन ठेवली आणि स्वतः उंबऱ्यावर बसली.

“काका, बसा,” ती म्हणाली. “डबा कसा कसा अडकायचा, पहिल्यापासून सांगा.”

काकांनी ईश्वरप्पांकडे बघितलं, मग खुर्चीकडे. बसले ते अगदी कडेला.

“लिवून घेनार?”

“नाही. ऐकते.”

हरिदासकाकांनी घसा साफ केला. पन्नास माणसं कान देऊन बसली होती आणि बावीस वर्षांत त्यांच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

“पयल्यांदा,” ते म्हणाले, “सातव्या गल्लीला पानी सोडायची येळ हुती.”