बुडावरची तारीख

मी माशांच्या टाकीतलं पाणी तपासणारी बाटली बोलतेय. तशा आम्ही दोघी बहिणी. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, आधी माझे थेंब टाकायचे, मग तिचे, आणि जरा थांबायचं. पाणी पिवळं दिसलं तर ठीक. हिरवं झालं तर घाणीतून अमोनिया साचलाय, म्हणजे माशाच्या जिवाशी गाठ.

कारखान्यात आम्हाला भरलं, बुडावर वापराची शेवटची तारीख उमटवली आणि दुकानात धाडलं. तिथे शेजारी कागदी पट्ट्या होत्या. बुडवली की उत्तर तयार! गिऱ्हाईकं त्यांच्यावर तुटून पडायची. आमच्यासाठी थांबावं लागतं, आणि थांबायला हल्ली सवड कुणाला असते?

मला घेतलं एका शिंप्यानं. मापाला चोख माणूस, त्याला पट्टीचं झटपट उत्तर पटलं नाही. त्याची मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली होती. जाताना आपला गलेलठ्ठ केशरी मासा त्याच्याकडे सोपवून गेली. माशाचं नाव भोपळ्या. "बाबा, मी येईपर्यंत याला जपा हं," एवढंच तिचं मागणं. फोन आला की आधी भोपळ्याची चौकशी, मग आईबापांची.

बरेच दिवस पाणी पिवळं येत होतं. मग एकदा हिरवं आलं. बाबांचं धाबं दणाणलं. त्यांनी टाकीतलं सगळं पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवं, पुन्हा बदललं. या रोजच्या उलथापालथीनं भोपळ्या कोपऱ्यात जाऊन बसला. त्यानं खाणं सोडलं, आणि बाबांनाही घास गोड लागेना.

शेवटी मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आधी पिण्याचं पाणी तपासून बघा. तेही हिरवं आलं, तर टाकी ठीक आहे, तपासणीच चुकतेय."

पिण्याचं पाणी हिरवंगार आलं.

"ही बाटलीच खोटारडी!" बाबा कडाडले. "हिच्या नादानं मी त्या मुक्या जिवाचे हाल केले!" मला उचलून ते तडक कचऱ्याच्या डब्याकडे निघाले. मला तोंड आहे, पण बोलता कुठे येतं?

"अहो, थांबा जरा," आई म्हणाली. "नळीत काही राहत नसेल ना? पण तसं कसं होईल? डाग पडायला लागले तेव्हापासून मीच ती आतून-बाहेरून चकचकीत करते. तुमच्या दुकानातला आरसा पुसायच्या फवाऱ्यानं."

फोनमधून मुलगी ओरडली, "आई! अगं, त्या फवाऱ्यातच अमोनिया असतो!"

नळी साध्या पाण्यानं खळखळून धुतली. पिण्याचं पाणी पिवळं आलं, टाकीतलंही पिवळं आलं. बाबांनी मला अंगठ्यानं पुसलं आणि जागेवर ठेवलं. माफी मागितली नाही. बाटलीची कोण मागतं? पण मला फार बरं वाटलं. पाण्याची उलथापालथ थांबली, आणि हळूहळू भोपळ्या पुन्हा खायला वर येऊ लागला.

त्याला आता बराच काळ लोटला. माझ्या बुडावरची तारीख कधीच उलटून गेली. आई मागे लागते, "अहो, नवी आणा आता." बाबा म्हणतात, "अर्धी भरलीय अजून. आणि हिच्याइतकी खरी दुसरी मिळायची नाही." एकदा मला फेकायला निघालेला माणूस आता मला सोडायला तयार नाही. हे ऐकून सुखावते मी, खोटं कशाला बोलू?

पण कालपासून भोपळ्या पुन्हा कोपऱ्यात बसलाय. नळी स्वच्छ होती, बाबांनी थेंबही मोजून टाकले, आणि पाणी पिवळं आलं. बाबा निश्चिंत होऊन दुकानात गेले. मुलगी पुढच्या आठवड्यात घरी येतेय.

बाबा, या वेळी मी खरंच खोटी आहे. मला फेका.