निळ्या मिन्याचा आरसा

आमच्या बायकोला कपडे, दागिने कशाची हाव नाही. तिचा सगळा जीव कपाटातल्या तीन वस्तूंत अडकलेला. चांदीचा जुना केसांचा ब्रश, कंगवा आणि पावडरची डबी. तिन्हींवर एकच आकाशी मीना, त्यावर पांढरी फुलं. एकेक नग शोधताना तिने जुन्या वस्तूंच्या दुकानांचे उंबरे झिजवले. संचातला हातआरसा तेवढा राहिला होता.

तो मिळाला तिच्या धाकट्या बहिणीला. ही तापाने अंथरुणावर होती, तेव्हा मेहुणी सहज म्हणून त्यातल्याच एका दुकानात शिरली आणि ‘गोड दिसतो’ म्हणून आरसा घेऊन आली. ठेवला कुठे, तर न्हाणीघरात, टूथपेस्टच्या शेजारी!

काल आम्ही तिच्याकडे चहाला गेलो होतो. हिची नजर सारखी न्हाणीघराच्या दाराकडे.

“ताई, आरशाची मूठ हलतेय गं,” मेहुणी म्हणाली. “उद्या सकाळी सोनाराकडे नेते. तापवून, डाक लावून सांधून देतो म्हणालाय.”

माझा कप हातातच राहिला. मीना म्हणजे चांदीवर भाजून चढवलेली काच, पुन्हा आच लागली की तडकून टवके उडतात, हे हिने मला इतक्या वेळा ऐकवलंय की झोपेतही सांगेन. मी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, “बिस्किटं छान आहेत.”

घरी येताना मी विषय काढला.

“बोलली का नाहीस?”

“जळतेय मी! झालं समाधान?” ती कडाडली. “आणि तुम्ही मध्ये पडायचं नाही.”

दोघी बहिणींच्या मध्ये पडून माझी हाडं मोडून घ्यायची हौस नाही मला.

आज सकाळी दूध तापत ठेवून ही कपाटापाशी गेली. डबी हातात घेतली, झाकणावरून बोट फिरवलं, परत ठेवली. मग एकदम चपला पायात सरकवून निघालीच. गॅस बंद करून मी मागे धावलो. हिच्या एका पायात माझी चप्पल होती.

आम्ही पोचलो तेव्हा सोनाराने ज्योत पेटवलेली होती. आरसा चिमट्यात, मेहुणी समोर उभी.

“थांबा!” हिने दारातूनच आरोळी ठोकली. “मीना जाईल सगळा! मूठ न तापवता चिकटवायची असते!”

सोनाराने घाबरून ज्योत विझवली. मेहुणी आधी आरशाकडे, मग हिच्याकडे बघत राहिली.

“तुला माहीत होतं? मग काल का नाही बोललीस?”

“तुझ्याकडे असण्यापेक्षा फुटलेला बरा, असं वाटलं.”

“मग आज का आलीस?”

“त्या आरशाने काय घोडं मारलंय माझं?”

“म्हणजे माझ्यासाठी नाही आलीस.”

मेहुणीने आरसा रुमालात गुंडाळला, पर्समध्ये टाकला आणि आमच्याकडे न बघता दुकानाबाहेर पडली.

परतताना ही फरफटत चालत होती, माझी चप्पल तिला मोठी होत होती. कोपऱ्यावर येऊन थांबली आणि डोळे पुसायला लागली.

“एकदा विचारलंसुद्धा नाही हो तिने, ताई, तुला हवाय का म्हणून.”

“विचारलं असतं तर?”

“नको म्हणाले असते.”