सात आणि आठची सरासरी

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. जुना आहे, खोटा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण एका भरल्या वर्गात मला खोटे ठरवले गेले आणि तो राग अजून माझ्या बटणांतून उतरलेला नाही.

माझा जन्म कुठे झाला ते आठवत नाही. आठवते ती लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानाची काच आणि मला तळहातावर घेऊन पाहणारे रतन. विश्रांतवाडीचे रतन एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. सळईची जाडी पाच ठिकाणी मोजायची, त्या मापांची सरासरी माझ्यावर काढायची आणि मगच माल पुढे सोडायचा, हे आम्हा दोघांचे काम. "रतनच्या कॅल्क्युलेटरवर आलंय ना? मग झालं," असे साहेब म्हणत. वीस-बावीस वर्षे मी त्यांच्या शर्टाच्या खिशात राहिलो. पुढे मोबाइल आला, ते निवृत्त झाले आणि मी कपाटाच्या खणात विजेच्या बिलांखाली गेलो. मी चालतो तो कपाळावरच्या काळ्या पट्टीवर पडणाऱ्या उजेडावर. खणात उजेड नव्हता. तरीही मी कधी कुरकुर केली नाही.

मला बाहेर काढले ते त्यांच्या मुलीने, दीक्षाने. ती कॉम्प्युटर डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होती. प्रॅक्टिकल परीक्षेला मोबाइल दाराशीच काढून घेत, म्हणून तिने मला बरोबर नेले.

प्रश्न सोपा होता. दोन संख्यांची सरासरी काढणारे फंक्शन लिहायचे. फंक्शन म्हणजे संगणकाला शिकवलेली एक छोटी कृती. आत संख्या द्यायच्या, बाहेर उत्तर येते. दीक्षाने आधी माझ्यावर उत्तरे काढून कागदावर मांडली. चार आणि सहा, पाच. उणे तीन आणि तीन, शून्य. सात आणि आठ, साडेसात. मग फंक्शन लिहून तपासले. तंतोतंत तीच उत्तरे आली. शेवटी तिने ते चेकरला दिले, म्हणजे परीक्षेचे गुण देणाऱ्या प्रोग्रॅमला. पडद्यावर लाल अक्षरे उमटली. सात आणि आठ. अपेक्षित उत्तर ७. तुमचे उत्तर ७.५. चूक!

शेजारची सोनाली कुजबुजली, "अगं, पॉइंटनंतरचं उडवून टाक. लगेच ग्रीन येतं. सगळ्यांनी तेच केलंय."

दीक्षाने हात वर केला. "सर, सात आणि आठची सरासरी सात कशी?"

दिग्विजय सर खुर्चीतून उठलेही नाहीत. "चेकर काय म्हणतोय? सात. मग सात."

"पण सर, मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलंय."

"हे? कुठल्या म्युझियममधून आणलंस? बिघडलं असेल. ठेव पिशवीत."

वर्ग हसला. मित्रांनो, माझ्या शब्दावर टनावारी माल अडवला गेला आहे, आणि मी बिघडलो? दुसरीतले पोरही साडेसात सांगेल! पण माझ्या अंगात आकडे आहेत, आवाज नाही. दीक्षाने फंक्शन बदलले नाही. तिला शून्य मिळाले. प्रॅक्टिकलला नापास म्हणजे वर्ष गेले.

घरी आल्यावर तिचे डोळे भरून आले. रतन यांनी सगळे ऐकून घेतले. "किती वेळा तपासलंस?"

"तीनदा. हातानंसुद्धा."

"मग अर्ज लिही. आणि रडत लिहू नकोस, शुद्धलेखन चुकतं."

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख प्रियदर्शनी मॅडमनी अर्ज वाचला आणि सरांना बोलावले.

"मॅडम, बेचाळीस जणांना ग्रीन आलंय. तक्रार हिची एकटीची आहे," सर म्हणाले.

मॅडमनी दीक्षाकडून मला हातात घेतले. सात अधिक आठ, भागिले दोन. मी माझे उत्तर दाखवले. त्यांनी मला सरांसमोर ठेवले. "बेचाळीस जणांनी मान डोलावली की गणित बदलतं का? आपण चेकर कशावर तपासला होता?"

सरांना कबूल करावे लागले. चेकरमधली उत्तरे त्यांनी स्वतःच्या जुन्या नोट्समधून उतरवली होती. त्या काळच्या संगणकी भाषेत पूर्ण संख्यांचा भागाकार केला की दशांश गळून जात. नव्याने एकदाही त्यांनी ती पडताळली नव्हती.

चेकर दुरुस्त झाला. दीक्षा पास झाली आणि बेचाळीस जण लाल. फळ्यावर सूचना लागली: 'तांत्रिक बिघाडामुळे फेरपरीक्षा.' बिघाड! चूक माणसाची आणि नाव यंत्राचे! वर्गही दीक्षावरच चिडला. "तुझ्यामुळे परत अभ्यास," म्हणत सोनाली आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. खोट्या उत्तराबद्दल मात्र कोणी कोणावर रागावले नाही.

फेरपरीक्षेच्या सकाळी मुले यायच्या आधी दिग्विजय सर लॅबबाहेर बसलेल्या दीक्षाकडे आले. ती स्वतः पास होती, पण सोनालीला फंक्शन समजावून द्यायचे ठरवून लवकर आली होती.

"ते कॅल्क्युलेटर... जरा देतेस?"

त्यांनी चेकरमधले एकेक उत्तर माझ्यावर काढून पाहिले.

"सर, आठचं बटण थोडं दाबून धरावं लागतं," दीक्षा म्हणाली.

त्यांनी दाबून धरले. माफीचा शब्द काढला नाही. दीक्षाने मागितलाही नाही. मला मात्र हवा होता.

मित्रांनो, मला पुन्हा खणात टाकलेत तरी चालेल. पण फंक्शन लिहा किंवा दुसऱ्याचे तपासा, आधी उत्तर स्वतः काढा. आणि लाल अक्षरांना घाबरून खऱ्या उत्तरातला अर्धा कापून देऊ नका. त्या अर्ध्यात एका मुलीचे अख्खे वर्ष जाणार होते.